चौदा खुणा

प्रिय खटपट्या,

तुझा कॉम्प्युटर गेला. म्हणजे माझाच, पण सुटे भाग आणून जोडलास तू, त्यात ती मुक्त सिस्टीम बसवलीस तू, म्हणून मी त्याला अजून तुझाच म्हणते. अकरा वर्षं चालला बिचारा. गेला तो सकाळी दहाच्या सुमाराला, एका हृदयरोग्याच्या रिपोर्टच्या मधोमध. आधी जळक्या रबराचा वास आला, मग पंखा थांबला आणि बाई वाक्य अर्धवट सोडून गप्प झाली. बाई म्हणजे आपली तीच, स्क्रीनवरचं सगळं मला वाचून दाखवणारी, जिला तू ‘सर्दी झालेली मास्तरीण’ म्हणायचास. मी आपली दोन्ही हात की-बोर्डवर ठेवून तशीच बसून राहिले. पुढचा शब्द येईल, पुढचा शब्द येईल, असं वाटत राहिलं.

दुरुस्तीवाले काका खोकत खोकत चार जिने चढून आले, डबा घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आणून टेबलावर ठेवला. आतली मुख्य पाटी, म्हणजे मदरबोर्ड, जळली होती, जुनी आता मिळत नाही, म्हणून नवी पाटी आणि नवा प्रोसेसर घातला होता. डिस्क तीच, तुझी सिस्टीम तीच. “आता बघायलाच नको,” म्हणाले. मी बटण दाबलं. टीं असा एक आवाज आला, पंखा फिरला, आणि मग काहीच नाही. मी शंभरपर्यंत मोजलं. पुन्हा बटण, पुन्हा टीं, पुन्हा शंभर. तुला दिसतं, त्यामुळे कॉम्प्युटर अडला की तुझ्यासमोर निदान काहीतरी लिहिलेलं असतं. माझ्यासाठी अडलेला, झोपलेला आणि मेलेला, तिन्ही सारखेच. हॉस्पिटलचे डॉक्टर तपासणीनंतर जे बोलून ठेवतात ते ऐकायचं आणि टाइप करायचं, एवढंच काम मला येतं, आणि ते याच डब्यावर.

काका म्हणाले, प्रोसेसर नवा आहे, सिस्टीम जुनी आहे, दोघांचं जमत नाही. हे सगळं पुसून टाकू आणि सगळे वापरतात ती विकतची सिस्टीम घालू. मी इतक्या मोठ्याने नाही म्हटलं की त्यांचा खोकलाच थांबला. तू बनवलेल्या खुणा त्यात आहेत रे. दोन बटणं दाबली की ‘रक्तदाब’, तीन दाबली की ‘रुग्णाने तक्रार सांगितली की’. अकरा वर्षांत माझी बोटं त्या वाटांनी जायला शिकली आहेत. मला दुसरं घर नको होतं, याच घराची किल्ली हवी होती.

समोरच्या दारात राहणाऱ्या शिवणवहिनी तुला माहीत नसतील, तू कॉम्प्युटर जोडून तिकडे परत गेलास, त्यानंतर त्या राहायला आल्या. दिवसभर त्यांचं शिलाई मशीन चालतं आणि त्यांचं तोंडही. मी त्यांना म्हटलं, स्क्रीनवर काय दिसतं तेवढं सांगा. त्या म्हणाल्या, “ताई, मला इंग्रजी म्हणजे एस, एम, एल आणि डबल एक्सएल.” कपड्यांच्या मापांवरून अक्षरं शिकलेली बाई! पण बसल्या खुर्ची ओढून. एकेक अक्षर सांगायच्या, अडलं की आकार सांगायच्या. “पोट फुगलेली काठी.” म्हणजे पी. “तंबू आणि मधे आडवी पट्टी.” म्हणजे ए. मी डोक्यात जुळवत गेले आणि शब्द निघाला पॅनिक. कर्नल पॅनिक. वहिनी म्हणाल्या, “पॅनिक म्हणजे घाबरणंच ना गं? मग हे तुझ्याहून जास्त घाबरलंय.” हसू आलं मला, त्या आठवड्यातलं पहिलं.

एरवी मी तुलाच फोन केला असता. का केला नाही ते पुढे लिहिते. मी मोबाइलवरून अंध लोकांच्या त्या मेल-गटात लिहिलं, जिथे सगळे हीच सिस्टीम वापरतात. उत्तर आलं ते एका अनोळखी माणसाचं. त्याने स्वतःचं नाव ‘घुबड’ ठेवलंय; दिसत नसताना असं नाव ठेवणारा माणूस मला लगेच आवडला. त्याने समजावलं की कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा, तुझा गाभा अकरा वर्षांपूर्वीचा, तेव्हा हा प्रोसेसर जन्मलाही नव्हता. जे ओळखता येत नाही ते समोर आलं की नुकसान करण्यापेक्षा गाभा जागीच उभा राहतो. फक्त गाभा बदलायचा, बाकीचं घर तसंच राहील. काकांनी त्याच्या सांगण्याप्रमाणे एक पेनड्राइव्ह तयार करून दिला, जो सुरू होतानाच बोलतो. मोबाइल कानाला घट्ट लावून मी घुबडाचे मेल ऐकायची आणि एकेक ओळ टाइप करायची. तीन दुपारी गेल्या. चौथ्या दिवशी बटण दाबलं, टीं झालं, आणि सर्दी झालेली मास्तरीण म्हणाली, “सुस्वागतम.” मी टेबलावर डोकं टेकून रडले. जिवात जीव आला म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

पण तो जीव चार दिवसच टिकला.

चौथ्या दिवशी मी जरा उठून पाणी प्यायला गेले, परत आले तर बाई गप्प. कुठलंही बटण दाबा, उत्तर नाही. बंद करून परत सुरू केलं की ठीक. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी कामात असताना कधी नाही. मी हात काढला, विचार करत बसले, की हा गेलाच. एखादं माणूस आपली पाठ वळायची वाट बघत बसलंय असं वाटायला लागलं. मी पाणी प्यायला जाणं बंद केलं. बसल्या बसल्या उगाच एखादं बटण दाबत राहायची, त्याला जागं ठेवायला.

घुबडाला सांगितलं तर तो म्हणाला, बरोबर ओळखलंत, त्याला जागंच ठेवायचंय. काम नसलं की प्रोसेसर आधी डुलकी घेतो, मग गाढ झोपतो. या जातीच्या काही प्रोसेसरांचं आणि आपल्या गाभ्याचं इथेच बिनसतं. गाढ झोपला की उठतच नाही. जाणती माणसं यावर एक उपाय करतात. सिस्टीम सुरू होताना एक ओळ सांगायची, की डुलकी चालेल, गाढ झोप नको. ती ओळ ज्या फाइलमध्ये घालायची, तिथे एक अक्षर चुकलं तर सगळंच सुरू व्हायचं नाही. वहिनींनी ती ओळ मला एकेक अक्षर करून तीनदा वाचून दाखवली, माप घेतात तशी, बोट स्क्रीनवर ठेवून. मग मी सुरू केलं आणि मुद्दाम हात मांडीवर ठेवून अर्धा तास बसले. बटण दाबलं. बाई बोलली. उपाय लागू पडला होता. मी घुबडाला लिहिलं, तुमच्या घरट्यावर फुलं पडोत.

आणि दोन दिवसांनी बाई परत गप्प झाली. या वेळी मी काम करत असताना.

आता इथून पुढचं लिहिताना माझी बोटं अडखळतात, पण लिहिते. बाई गप्प व्हायची आणि मग आपोआप परत बोलायची. मधले शब्द गाळायची. ‘स’ तर जणू गिळायलाच लागली होती. ‘सकाळी’चं ‘अकाळी’. महिला डॉक्टर बोलल्या की आवाज पाण्याखालून यायचा. मला वाटलं, नवीन पाटीवरचा आवाजाचा भाग आणि सिस्टीम यांचंही जमत नसणार. घुबडाने मग काय काय करायला लावलं! गाभा आणखी नवा करून पाहिला, एक पायरी मागे नेऊन पाहिला. प्रोसेसर बनवणाऱ्यांनीच पाठवलेली एक छोटी दुरुस्ती असते, ती घातली. काकांनी आवाजासाठी वेगळी डबी बाहेरून जोडली. नवे हेडफोन आणले. प्रत्येक वेळी मी म्हणायची, हां, आता बरं आहे, आणि दुपारपर्यंत पुन्हा तेच. भीती कशी असते बघ, लहानपणी परीक्षेच्या वेळी मी तळहात फ्रॉकला पुसायची ना, तशी आता रोज सकाळी बटण दाबायच्या आधी ओढणीला पुसायला लागले.

मग एका मंगळवारी हॉस्पिटलमधून टायपिंग विभागाच्या मोठ्या बाईंचा फोन आला. औषधं देणाऱ्याने एक रिपोर्ट परत पाठवला होता. डॉक्टर बोलले होते साठ मिलिग्रॅम. मी लिहिलं होतं आठ. त्याला आकडा खटकला, त्याने विचारलं, म्हणून निभावलं. नाहीतर त्या माणसाला हवं त्याच्या सातव्या हिश्शाएवढंही औषध मिळालं नसतं, आणि मी इथे बसून बाईला दोष देत राहिले असते. मोठ्या बाई रागावल्या नाहीत. त्या फोनवर काहीतरी म्हणाल्या, बहुधा “काय झालं?” असं. मी सांगितलं, मशीन बिघडलंय, नवा प्रोसेसर आहे, जमत नाहीये. दुरुस्त होईपर्यंत काम पाठवू नका. खोटं बोलतेय असं तेव्हा मला वाटलं नव्हतं. म्हणजे, वाटू दिलं नव्हतं.

घुबडाने त्यानंतर जे लिहिलं ते मी शब्दशः सांगते. “ताई, आता आपण तुमचं ऐकायला नको, मशीनचं ऐकू. रागावू नका.” त्याने एक व्यवस्था करून दिली. बाई जे जे बोलेल ते वेळेसकट एका फाइलमध्ये लिहिलं जाईल. आणि मला जेव्हा जेव्हा वाटेल की ती गप्प झाली, तेव्हा मी कोपऱ्यातलं एक ठरावीक बटण दाबायचं. त्याने त्याच फाइलमध्ये एक खूण पडेल. पाच दिवस असं करा आणि फाइल मला पाठवा, म्हणाला.

पाच दिवसांत मी चौदा खुणा केल्या. फाइल पाठवली. त्याचं उत्तर एरवी तासाभरात यायचं, या वेळी दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. चौदापैकी एका वेळी मशीन खरोखर अडलं होतं, त्याचा दोष त्याने शोधला, पेनड्राइव्ह लावलेला राहिला होता म्हणून. उरलेल्या तेरा वेळी ते अडलं नव्हतं. मी खूण केली त्या क्षणी, त्याच्या आधी आणि त्याच्या नंतरही बाई बोलत होती. वेळ दिली होती, वाक्यं दिली होती. एका खुणेच्या आधी तिने तीन पूर्ण वाक्यं वाचली होती.

मी ते मेल पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. मग वहिनींना बोलावलं. म्हटलं, काही करू नका, फक्त बसा आणि मी हात वर केला की सांगा, आवाज येतोय का. मी एक जुना रिपोर्ट लावला. थोड्या वेळाने बाई गप्प झाली. मी हात वर केला. काहीच कळेना म्हणून वहिनींच्या बाजूला वळले. त्यांनी माझा हात धरून खाली घेतला आणि अगदी कानाशी येऊन, मोठ्याने म्हणाल्या, “बोलतंय की गं, ताई. अजून बोलतंय.”

बोलक्या बाई आहेत त्या, पण त्या दुपारी परत काही बोलल्या नाहीत. बोलल्या असतील तर मला ऐकू आलं नाही. बघ, हे आता प्रत्येक शांततेच्या बाबतीत म्हणावं लागतं मला.

आता तुला एक सांगायचंय, जे मी सत्तावीस वर्षं सांगितलं नाही. मी एकोणीस वर्षांची असताना आई मला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. तू बाहेर बाकावर गणिताचं पुस्तक घेऊन बसला होतास. बाहेर आल्यावर आईने तुला सांगितलं की नजर जाणार, पण हळूहळू. ते खरं होतं. पण डॉक्टरांनी आणखी एक वाक्य सांगितलं होतं. हा आजार काही जणांत डोळ्यांपाशी थांबत नाही, पुढे कानांकडे जातो. कधी, ते सांगता येत नाही; जाईलच असंही नाही. जिन्यात आईने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता. म्हणाली, धाकट्याला कळता कामा नये, तो शिकायला जाणार नाही, तुझ्याजवळच बसून राहील. मी हो म्हटलं. तू गेलास, शिकलास, तिथे घर केलंस, आणि मला एकदाही वाटलं नाही की आपण चूक केली. ते वाक्य मी इतकं खोल पुरलं की मलाच त्याचा विसर पडला. ब्रेल शिकायला आलेल्या बाईंना मी दोन महिन्यांत परत पाठवलं होतं, आठवतं? मला कान आहेत ना, म्हटलं होतं. केवढा माज होता.

त्या दुपारनंतर मी तीन दिवस काहीच केलं नाही. कॉम्प्युटर सुरू केला नाही. नळ सोडून त्याचा आवाज ऐकत उभी राहायची, जिन्यातली पावलं मोजायची. काय काय उरलंय याची झडती घेत होते. जाड आवाज उरलेत. दार आपटणं, ट्रक, काकांचा खोकला. वहिनींचं शिलाई मशीन टेबलाला हात लावला की कळतं. चौथ्या दिवशी मी साडी नेसून, वहिनींचा हात धरून हॉस्पिटलला गेले. आधी मोठ्या बाईंकडे. म्हटलं, मशीन ठीक आहे, बिघाड माझ्यात आहे, आणि मागच्या दोन महिन्यांतले माझे सगळे रिपोर्ट दुसऱ्या कोणाकडून पुन्हा ऐकून तपासून घ्या. हे सांगायला मी सर्वांत जास्त घाबरले होते. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. रिपोर्ट तपासले जात आहेत. आतापर्यंत आणखी दोन चुका सापडल्या, दोन्ही किरकोळ. काम मात्र तूर्त बंद, आणि पुढे काय ते त्यांनाही सांगता आलं नाही.

मग त्याच इमारतीत कानाच्या तपासणीला. बारीक आवाज जवळजवळ गेलेत. जाड आवाज आहेत, पण तेही जात आहेत. यंत्रं लावायची, त्याने काही वर्षं निघतील, किती ते विचारू नका असं म्हणाल्या तिथल्या बाई. मी विचारलंच. त्यांनी उत्तर दिलं नाही, किंवा दिलं. ब्रेलचा वर्ग सोमवारपासून सुरू केलाय. शेहेचाळिसाव्या वर्षी बोटं ठिपक्यांवरून फिरतात आणि सगळे ठिपके मला सारखेच लागतात. घुबड म्हणतो, ठिपके उठवणारी एक पट्टी असते, ती या सिस्टीमला विनातक्रार जोडता येते, आपण जोडू. भीती वाटते मला, रे. सकाळी जाग आली की मी आधी जीभ टाळ्यावर आपटून बघते, आवाज येतो का. अंधार मला कधी एवढा वाटला नव्हता, कारण त्यात सगळे बोलत होते.

घुबडाने बाईचा आवाज बदलून दिलाय. आता ती पुरुषासारखी, अगदी सावकाश, जाड आवाजात वाचते, आणि एकच ओळ दहा वेळा वाचायला लावली तरी कंटाळत नाही. म्हणून लिहिलेलं मला पोहोचतं. फोनवरचं पोहोचत नाही. कॉम्प्युटर जायच्या आधीच्या रविवारी तुझा फोन आला होता, तेव्हा मला वाटलं होतं की लाइन खराब आहे. तू आधी नेहमीसारखं काहीतरी म्हणालास, मग बराच वेळ बोलत होतास, मधे थांबत होतास. मला फक्त चढउतार कळत होते. दोनदा मी विचारलं, काय म्हणालास, आणि दोनदा तू पुन्हा सांगितलंस, आणि तिसऱ्यांदा विचारायची मला लाज वाटली. म्हणून मी म्हटलं, “छान झालं, बरं झालं, काळजी घे,” आणि ठेवून दिला. त्यानंतर तुझा फोन नाही, आणि माझी तुला करायची हिंमत नाही. तू काय सांगत होतास, खटपट्या? तुझ्या आवाजात काय होतं ते मी आता रोज आठवून बघते आणि मला वाटतं, तू रडत होतास. तसं असेल तर तू मला जे सांगितलंस त्याला तुझी बहीण छान झालं म्हणाली. मला ते ऐकूच आलं नव्हतं रे. जे असेल ते, कितीही वाईट असलं तरी, मला लिहून पाठव.

तुझीच,
ताई